पाहुण्यासाठी राखलेली विहीर

आमच्या वाडीची विहीर कातळाच्या पायथ्याशी आहे. विहीर म्हणायचं एवढंच, झऱ्याभोवती जांभ्या दगडाने बांधून काढलेला खड्डा तो. होळीपर्यंत तिचं पाणी वाडीला पुरायचं. पुढे ते तळाला जायचं, मग बायका आत उतरून करवंटीने हंडा भरायच्या. एकीचा भरेपर्यंत दुसरी काठावर बसून राहायची. तेवढ्याने भागलं नाही की खालच्या वहाळावर, म्हणजे ओढ्यावर जायचं. वहाळ खोल घळीत, वाट उभी, आणि सुक्या पानांवरून पाय सटकायचा.

त्या वर्षी माझी धाकटी जाऊ पोटुशी होती. ती पावस गावची. तिच्या माहेरी दारातच रहाटाची विहीर. आदल्या उन्हाळ्यात वहाळावरून भरला हंडा आणताना ती पडली आणि तिच्या पोटातलं गेलं. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. आम्हा दोघींचे नवरे मुंबईला कामाला, घरात सासूबाई, ती आणि मी. या खेपेला तिला वहाळ उतरावा लागू नये, एवढंच मला हवं होतं. तिच्या वाटचं पाणीही मी आणायचे, पण एकटीने किती आणणार?

तेव्हा सरकारने टंचाईच्या वाड्यांना बोरिंग मारून हातपंप द्यायचं ठरवलं होतं. ग्रामसेवकाने येऊन सांगितलं की ज्या वाडीची विहीर उन्हाळ्यात आटते तिलाच तो मिळेल. यंत्रं थोडी आणि वाड्या फार, म्हणून साहेब स्वतः येऊन विहीर बघणार आणि मग ठरवणार. ऐकून मला वाटलं, देवच पावला.

साहेब येणार म्हटल्यावर वाडीत लग्नघरासारखी धावपळ सुरू झाली. आमच्याकडे शिमग्यात पालखी यायची असली की आधी विहीर राखतात. म्हणजे गाळ काढून तळ साफ करायचा, आणि आदल्या दिवसापासून तिच्यात कोणी हंडा बुडवायचा नाही. झरा साठतो, आणि आलेल्यांना पाय धुवायला नि प्यायला नितळ पाणी मिळतं. वाडीत ज्यांचा शब्द चालायचा ते म्हातारे गावकर म्हणाले, "साहेब पहिल्यांदा येतोय आपल्याकडं. विहीर राखा." कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. साहेब खूश झाला तर बोरिंग लवकर देईल, असंच माझ्या मनात आलं.

विहीर राखली म्हणून सगळ्या बायका वहाळावर निघाल्या. मी जावेला म्हटलं, "तू बस घरात."

"साऱ्या बाया गेल्या," सासूबाई म्हणाल्या. "ही एकटी बसली तर लोकं काय बोलतील?"

ती कळशी घेऊन निघाली. येताना मी तिच्या खालच्या अंगाने चालत होते, पडलीच तर माझ्यावर पडावी म्हणून.

"वयनी, अशानं दोघी जाऊ खाली," ती हसत म्हणाली. "मग आयेला भाकऱ्या कोण भाजणार?"

मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पाली गावच्या रस्त्याला जीप ठेवून कातळ तुडवत आले होते, उन्हाने तोंड लाल झालं होतं. त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, कोकमाचं सरबत दिलं. मग सगळे विहिरीवर गेलो. पाणी कमरेएवढं चढलं होतं आणि तळाचा दगड दिसत होता. साहेबांनी दोरीला दगड बांधून आत सोडला, दोरी मोजली.

"छान आहे की तुमचं पाणी."

"अमृत हाय, साहेब," गावकर म्हणाले.

साहेब सासूबाईंकडे वळले. "काय मावशी, पुरतं का?"

"पुरवून घेतो, साहेब." दारी आलेल्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही, हे त्यांच्या अंगातच होतं. माझ्या जिभेवर शब्द आले होते, पण एवढ्या पुरुषांत माझं तोंड उघडत नसे.

तेवढ्यात माझ्या मागून जाऊ बोलली. "आज राखलीय म्हणून दिसतंय. एरवी करवंटी बुडत नाय."

साहेबांनी विचारलं, "राखली म्हणजे?"

"नवी सून हाय, साहेब," गावकर हसून म्हणाले. "पावसची."

"दारातल्या विहिरीवरची सवय," मागून कोणी तरी म्हणालं. "हितलं पाणी कसं दिसणार तिला?" पुरुष हसले.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. निघताना गावकरांना म्हणाला, "ती खरं बोलत असेल. पण मी जे मोजलं तेच मला लिहावं लागतं. पुढच्या वर्षी पाहणी होईल तेव्हा विहिरीला हात लावू नका."

साहेब गेल्यावर बायकांनी हंडे भरले, आणि संध्याकाळपर्यंत विहिरीत पुन्हा चिखल होता.

बोरिंगचं यंत्र पलीकडच्या वाडीत गेलं. दिवसभर त्याची घरघर आमच्या अंगणात ऐकू यायची. सासूबाई जावेला म्हणाल्या, "चार माणसांत तोंड उघडलंस. वाडीची लाज काढलीस."

"मी उघडलं म्हणून गेली काय बोरिंग?" ती म्हणाली. "तुमी मिटलंत म्हणून गेली."

सासूबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. त्याच आठवड्यात जावेचा भाऊ येऊन तिला पावसला घेऊन गेला. तिथे तिला मुलगा झाला. माझ्या दिराने मुंबईत खोली घेतली आणि दोघांना तिकडेच नेलं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरे साहेब आले. या वेळी विहीर राखली नव्हती. गावकर म्हणाले, जे पितो तेच दाखवा. सासूबाईंनी तांब्याभर गढूळ पाणी साहेबांपुढे धरलं. साहेबांनी तांब्यात बघितलं, प्यायले नाहीत, लिहून घेतलं आणि गेले. सासूबाई गोठ्यामागे जाऊन बसल्या. दिवसभर जेवल्या नाहीत. "असं पाणी दिलं मी माणसाला," एवढंच म्हणाल्या.

पंप आमच्या अंगणाच्या कडेलाच बसला.

त्यानंतरच्या मे महिन्यात जाऊ मुलाला घेऊन आली. बायकांनी तिला पंपावर पहिली पाळी दिली. ती दांडा मारत असताना सासूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"आता हाय पाणी. राहा हितंच."

"तिकडं नळाला सकाळी तासभर येतं, आये. तेवढ्यात भागतं माझं."

"हितं दिवसभर येतं."

"हां," ती म्हणाली, आणि हंडा भरून वाहेपर्यंत दांडा मारत राहिली.

चार दिवसांनी तिला एसटीवर सोडायला मी पालीपर्यंत गेले. मूल माझ्या कडेवर झोपलं होतं. ती म्हणाली, "वयनी, तुमी तरी चला की थोडे दिवस."

"आईंना पाणी कोण आणून देणार?" माझ्या तोंडून गेलं.

तिने माझ्याकडे बघितलं. अंगणातला पंप दोघींनाही आठवला असणार. गाडी आली तशी तिने मुलाला माझ्याकडून घेतलं आणि ती चढली. गर्दी फार होती. तिला बसायला जागा मिळाली की नाही, ते मला खालून दिसलं नाही.