उकंडाच्या धुऱ्यावरच्या बाभळी

उकंडाला लोक हट्टी म्हणायचे, ते खोटं नव्हतं. सन छप्पनमध्ये आम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन परतलो, तेव्हा वस्तीतल्या सगळ्यांनी घरातले देव नदीत सोडले. उकंडा तेवढ्यावर थांबला नाही. मारेगावजवळ उतारावर त्याचं अडीच एकर शेत. वरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोठा कडुनिंब आणि त्याखाली मरीमायचा दगड. दगड त्यानं काढला, ते बरोबरच केलं. पण लोक पुन्हा हात जोडायला येतील म्हणून त्यानं निंबही तोडला.

"देव गेला त गेला, झाडानं काय केलं तुमचं?" त्याची बायको रुखमाबाई म्हणाली होती. ऐकतो कोण!

निंबाच्या मुळांनी धरलेला धुरा फुटला. तीन पावसाळ्यांत शेतातली माती वाहून गेली, वखराला खडक लागू लागला. ज्वारी गुडघ्यावर येईना. तेव्हा भर बैठकीत उभं राहून त्यानं चूक कबूल केली. त्याला छाती लागते; आमच्यात ती फार जणांना नव्हती.

मग माती धरून ठेवायला त्यानं बाभळी लावायचं ठरवलं. शेळीच्या पोटातून आलेलं बाभळीचं बी लवकर रुजतं. उकंडा शेळ्यांच्या वाड्यातून ते वेचून आणायचा, रुखमाबाई वरच्या-खालच्या दोन्ही धुऱ्यांवर काठीनं भोकं पाडायची. शेजारचे वामनराव हसायचे, "सावलीत कापसाची पऱ्हाटी येते काय रे?"

पासष्टच्या दुष्काळात गावाची गुरं हाडांवर आली. उकंडा बाभळीच्या डहाळ्या छाटून वामनरावांच्याही बैलांपुढे टाकायचा. वामनराव पुन्हा हसले नाहीत.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात तीन दिवसांच्या तापानं तो गेला. मला फार लागलं ते. दीक्षेपासून वस्तीत दहन करायची रीत पडली होती आणि जवळपास दुसरं लाकूड नव्हतं. आम्ही कुऱ्हाडी घेऊन त्याच्याच धुऱ्यावर गेलो. रुखमाबाई मागून धावत आली.

"हात नका लावू झाडाले! शेत या झाडायवर उभं हाय. त्यायले इथंच मातीत ठेवा."

कुऱ्हाडी ठेवून आम्ही फावडी आणली आणि खालच्या धुऱ्यापाशी खणू लागलो. मांडीइतकं खोल गेलो तरी खडक लागेना, काळी माती निघतच राहिली. त्याचा भाऊ भीमराज फावडं टाकून त्या खड्ड्यातच बसला आणि रडू लागला.