फ्लॉपीतून गेलेली स्थळं

नव्वदच्या दशकात मी सांगलीत एका वधूवर केंद्रात नोकरीला होते. मालकांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता, साताऱ्यातही शाखा उघडली होती. लोक विश्वासाने सगळं सांगायचे. शिक्षण, पत्रिका, आणि आवाज खाली आणून घरातली दुखणीसुद्धा.

एका सकाळी सांगलीतल्याच एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीचं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं होतं आणि हे त्यांनी फक्त आम्हाला सांगितलं होतं. आदल्या दिवशी दुसऱ्याच केंद्राचा माणूस त्यांच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "एकदा मोडलेली मुलगी चालेल, असं स्थळ आहे."

"माझी तक्रार नाही," बाई म्हणाल्या. "फक्त आम्ही तुमच्याकडे नाव नोंदवलं होतं, हे कुठं बोलू नका."

मग तसे फोन येतच राहिले. भांडलं कुणीच नाही. प्रत्येकाला नाव काढून हवं होतं. मालकांनी चौकशी केली तेव्हा कळलं, कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्याने आमच्या दोन्ही शाखांची सगळी माहिती फ्लॉपीवर उतरवून त्या केंद्राला विकली होती.

"लोक गप्प आहेत ना, मग आपणही गप्प बसू," मालक म्हणाले.

मी काही बोलणार, तेवढ्यात साताऱ्याच्या शाखेतून फोन आला. एक रिटायर्ड सुभेदार सकाळपासून येऊन बसले होते. उठायलाच तयार नव्हते.

मिळाली ती एसटी पकडून आम्ही दोघं गेलो. सुभेदार दाराकडे तोंड करून ताठ बसले होते. शेजारी त्यांचे भाऊ, हाताची घडी घातलेले. मालक आत शिरताच भावांनी दार लावून घेतलं.

"आवं मालक, पोरीला फिट येत्यात ह्ये तुमच्याच हापिसात सांगितलं हुतं. पाव्हण्यांस्नी कुणी सांगितलं?" सुभेदार म्हणाले.

"आमच्याकडून काही गेलेलं नाही," मालक म्हणाले.

"मी हात उचलायला न्हाई आलो. पर खरं ऐकल्याबिगर जानार न्हाई."

मालक घाम पुसत राहिले. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं.

सुभेदारांनी ऐकून घेतलं. "आता ज्यांचं ज्यांचं गेलंय, त्यांच्या घरी जाऊन ह्येच सांगा. लोकं अंधारात हायत."

आम्ही घरोघर गेलो. साताऱ्याकडे लोकांनी शिव्या घातल्या. एकाने तर मालकांची कॉलर धरली, आणि मग त्याच घरात आम्हाला चहा दिला. काहींनी नावं तशीच ठेवली. सांगलीत मात्र दार जेमतेम किलकिलं व्हायचं. "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," म्हणायचे आणि दार बंद.

त्या फोनवाल्या बाईंनीही तेच केलं. जिन्यात शेजारीण उभी होती. "आम्ही ओळखत नाही यांना," बाई तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात आतून मुलगी आली. "आई, येऊ दे त्यांना. मला ऐकायचंय."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मुलीने आम्हाला बसवलं, शांतपणे सगळं ऐकलं. मग तिने विचारलं, "लग्न कुणी मोडलं, हे तुमच्याकडे काय लिहिलंय?"

मला आठवत होतं. "मुलाकडच्यांनी," मी म्हणाले.

"खोटं आहे. मी मोडलं."

बाई जागच्या जागी खाली बसल्या. मुलगी माझ्याकडेच बघत होती. "आता गेलंच आहे बाहेर, तर निदान खरं तरी जाऊ दे," ती म्हणाली.