पाच नंबरची आई

स्टेडियममध्ये गेल्यावर मर्लिनताई लगेच आपल्या खुर्चीत बसायची नाही. आधी रांगेच्या एका टोकाला जायची आणि तिथून सुरुवात करायची. "नमस्कार, मी मर्लिन. पाच नंबरची आई. अभिनंदन!" मग पुढचा हात. "मर्लिन. पाच नंबरची आई. अभिनंदन!" आपली रांग झाली की मागची, मग पुढची. माणसं गांगरायची. बिअरचा ग्लास या हातातून त्या हातात घेऊन हात पुढे करायची आणि आपापलं नाव सांगायची. एखादा विचारायचा, "अभिनंदन कशाबद्दल?"

"आज तुमच्या क्लबची मॅच आहे ना?"

एवढं बोलून ती पुढच्या हाताकडे वळायची.

ही पद्धत तिने शोधलेली नव्हती. नेदरलँड्समध्ये कुणाच्या वाढदिवसाला गेलं की खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. नंतर येणाऱ्याने त्या गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, नाव सांगायचं आणि अभिनंदन करायचं. ज्याचा वाढदिवस आहे त्याचं तर करायचंच, पण त्याच्या मेव्हण्याचं आणि शेजाऱ्याचंही. मी इथे नवी आले तेव्हा मला हा प्रकार वेळखाऊ वाटला होता. अजूनही वाटतो. मर्लिनताई एकोणिसाव्या वर्षी सुरिनामहून नर्सिंग शिकायला इथे आली आणि तिला तो फार कामाचा वाटला. पण वाढदिवसाची ही चाल फुटबॉलच्या स्टेडियममध्ये नेणारी माझ्या माहितीत ती एकटीच.

डीमन नावाच्या गावात आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. ती तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. मी गाडी चालवायला शिकवते. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले, काही दिवस घरात बसून पाहिलं, जमेना, मग प्रशिक्षकाची परीक्षा दिली. एक दिवस दारावर टकटक झाली. दारात भडक पिवळ्या कोटातली उंच, काळी, साठी ओलांडलेली बाई उभी. "मेइशे, मला गाडी शिकव." मेइशे म्हणजे पोरी. मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते.

तिचा मुलगा मिल्टन दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबकडून खेळायचा. बचावात, डाव्या बाजूला, पाठीवर पाच नंबर. त्याच्या बाहेरगावच्या मॅचेसना तिला नवरा न्यायचा. नवरा वारला आणि तिचं जाणं थांबलं. एवढंच तिने सांगितलं आणि विचारलं, "रविवारी दुपारी वेळ असतो तुला?"

तेव्हापासून तिची शिकवणी म्हणजेच मिल्टनच्या मॅचेस. टपावर निळ्यावर पांढऱ्या एलची पाटी लावलेली माझी छोटी गाडी, चालकाच्या जागी मर्लिनताई, शेजारी मी, मागच्या सीटवर पोम भरलेल्या पावांचा डबा. पोम म्हणजे अळकुडीच्या जातीचा कंद किसून, त्यात कोंबडी घालून भट्टीत भाजलेला सुरिनामी पदार्थ. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. मी गाडीसाठी जायचे आणि पोमसाठी आत बसायचे.

गाडी ती चांगली चालवायची. अडचण एकच, तिला सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं असायचं. चौकात आपला हक्क असला तरी ती थांबायची आणि हात करून समोरच्याला बोलवायची.

"ताई, आपण आधी जायचं होतं."

"पण त्याला घाई होती. चेहरा पाहिलास का त्याचा?"

"परीक्षक चेहरे पाहत नाही. नापास करतो."

"नो स्पांग, मेइशे." सुरिनामी बोलीत याचा अर्थ, जिवाला त्रास करून घेऊ नकोस. परीक्षकाने खरोखर नापास केलं तेव्हाही ती हेच म्हणाली, आणि त्याला त्याच्या नातवाबद्दल विचारून आली.

ते हात मिळवणं काय आहे, हे मी पहिल्याच मॅचनंतर विचारलं. तिने सांगितलं तेव्हा आम्ही कालव्याकाठच्या अरुंद रस्त्यावर होतो, त्यामुळे मला तिच्याकडे नीट पाहताही आलं नाही. पूर्वी एका गावात तिच्या शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. मिल्टनकडे बॉल गेला की ते माकडाचे आवाज काढायचे. प्रत्येक वेळी. मध्यंतरात त्यांनी खिशातून पेपरमिंटची गुंडाळी काढली आणि अदबीने तिच्यापुढे धरली. घ्या ना, बाई. मग दुसरा अर्धा सुरू झाला आणि पुन्हा आवाज सुरू.

"तू काय केलंस?"

"पेपरमिंट खाल्ली. नवरा म्हणाला, थुंक. पण मी विचार करत होते. मी काळी आहे, हे त्याला दिसत होतं. मैदानातला तो कुणाचा तरी आहे, हे दिसत नव्हतं. तेव्हापासून मी आधीच सांगून टाकते. हातात हात देऊन नाव सांगितलेल्या बाईसमोर डच माणूस घाण बोलत नाही. निदान कॉफी संपेपर्यंत."

मला हिशेबी बोलायची सवय आहे. मी म्हटलं, "स्टेडियममध्ये हजारो माणसं. तुझे हात पोचतात तीन रांगांपर्यंत. काय उपयोग?"

"मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. सगळ्यांची नाडी एकदम हातात येत नाही, मेइशे. ब्रेक कुठला?"

"मधला."

दीड वर्षापूर्वी ती सुरिनामला, पारामारिबो शहरात बहिणीकडे कायमची परत गेली, लायसन्स घेऊनच. तिकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणजे मी शिकवलेलं निम्मं वाया गेलं. फोनवर मी तसं म्हटलं तर इतकी हसली की बहिणीने फोन काढून घेतला. माझ्या डोक्यात मात्र ती राहिली आहे ती एका रविवारची.

त्या आठवड्यात मिल्टन तिच्याकडे जेवायला आला होता. आदल्या मॅचमध्ये पुन्हा तोच प्रकार झाला होता. जेवता जेवता तो म्हणाला, "आई, यापुढे एकदा जरी झालं तरी मी मैदान सोडणार. आणि परत येणार नाही. त्या मॅचला नाही, कुठल्याच नाही." मर्लिनताईने मला हे महामार्गावर चढताना सांगितलं.

"वेग वाढव, ताई. मागे ट्रक आहे."

"सोडू दे की फुटबॉल," ती वेग वाढवत म्हणाली. "कंटाळा आला म्हणून सोडू दे, लग्न केलं म्हणून सोडू दे. पण चार वर्षांचा होता तेव्हापासून बॉल उशाशी घेऊन झोपलाय तो. कुणीतरी हुसकावलं म्हणून सोडला, तर पुढे झोप कशी लागेल त्याला?"

मॅच पूर्वेला होती, जर्मनीच्या सीमेजवळच्या एका गावात. तिने रांगा पूर्ण केल्या. आमच्या शेजारी बेर्ट नावाचा लालबुंद चेहऱ्याचा माणूस होता, गायींचं खाद्य विकणारा. त्याने आपलं नाव, धंदा आणि गुडघ्याचं दुखणं हे सगळं एका दमात सांगितलं.

अर्ध्या तासाने मिल्टन पलीकडच्या गोलजवळ बॉल आत फेकायला गेला आणि तिथल्या गर्दीतून तो आवाज आला. व्हिडिओत ऐकणं वेगळं आणि प्रत्यक्ष ऐकणं वेगळं. पंचाने खेळ थांबवला. ध्वनिक्षेपकावरून तंबी दिली गेली. खेळ सुरू झाला, आवाज पुन्हा आला. पंचाने दोन्ही संघांना आत जायला सांगितलं. मिल्टन सगळ्यांच्या पुढे होता. चालता चालता त्याने मोज्यांतल्या नडगीच्या ढाली उपसल्या आणि गवतावर टाकून दिल्या. परत येणारा माणूस असं करत नाही, एवढं मलाही कळलं.

बेर्ट उठला आणि कुणाशी न बोलता पायऱ्या उतरून गेला.

मी म्हटलं, "ताई, जाऊन भेटतेस का त्याला? सांगू आपण गेटवर."

"नाही." ती डब्याचं झाकण उघडत होती. "मी गेले तर तो माझ्यासाठी परत येईल. तसं नको." मग तिने सगळ्या रांगेला पाव वाटले. मुलगा ज्या दारातून आत गेला होता तिकडे तिने एकदाही पाहिलं नाही. माणसं पाव हातात धरून रिकाम्या मैदानाकडे पाहत होती.

पलीकडे सुरक्षारक्षक तीन माणसांना बाहेर नेताना दिसले. मग बेर्ट धापा टाकत परत आला.

"दाखवून दिले मी," तो म्हणाला. "एक माझ्या ओळखीचा आहे. खाद्य माझ्याकडून घेतो." तो बसला. "घ्यायचा."

मर्लिनताईने त्याच्या हातात पाव दिला.

"तिखट आहे," मी सावध केलं.

"मी गायीवाला आहे, बाई," असं म्हणत त्याने मोठा घास घेतला. मग लगेच पाण्याची बाटली मागितली.

खेळाडू बाहेर आले. मिल्टनच्या संघातले दहा होते. पंच घड्याळ पाहत होता. मी मर्लिनताईकडे न पाहायचं ठरवलं आणि डब्यातले तुकडे गोळा करत राहिले. तेवढ्यात मिल्टन आला, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले. पंचाने त्याच्या नडग्यांकडे बोट दाखवलं. ढालींशिवाय खेळता येत नाही. मिल्टन गेला, गवतातून एक उचलली, दुसरी शोधली, रेषेवर बसून दोन्ही नीट घातल्या. तेवढा वेळ अख्खं स्टेडियम त्याच्याकडे पाहत थांबलं होतं. त्याने जराही घाई केली नाही.

का परत आलास, हे मी नंतर त्याला गाडीतळावर विचारलं. तो म्हणाला, "बूट काढायला वाकलो आणि राग आला. मॅच माझी होती."

दुसऱ्या अर्ध्यात त्याला गोलसमोर सोपा बॉल मिळाला. सोपा होता हे मलाही कळलं. त्याने तो असा हाणला की गोल, जाळी, मागची भिंत, सगळ्यावरून गेला.

बेर्ट ताडकन उभा राहिला. "अरे, जर्मनीत पोचला तो! माझी म्हातारी गाय सरळ मारते याच्यापेक्षा!"

मागून कुणी ओरडलं, "पाच नंबर! पाय बदलून घे!" पुढून कुणी ओरडलं, "गोल खाली आहे, खाली!"

मर्लिनताई हलली नाही. मान वळवून एकेक आवाज ऐकत राहिली. हा झाला, तो झाला, पलीकडचा झाला. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तशी. सगळे ऐकून झाल्यावर तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, डोळे पुसत होती, आणि मग उठून तोंडाभोवती हात धरून सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा ओरडली, "मिल्टन! डोळे उघडून मार!"

खाली बसल्यावर तिने माझा दंड घट्ट धरला.

"ऐकलंस ना, मेइशे? शिव्या नुसत्या त्या बॉलबद्दल होत्या."