बाळ रडल्यावरच डिंक

पुण्यातली माझी नोकरी 'रीस्ट्रक्चरिंग'मध्ये गेली. काढून टाकलं असं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. मी जबलपूरला परत आले, दीक्षितपुऱ्यात आत्याच्या घरी, आणि येताना असले सगळे शब्द बरोबर घेऊन आले.

आत्या बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करते. इथल्या कितीतरी मराठी घरांत तिचेच लाडू जातात. तिचा एकच नियम होता: बाळ रडल्याचा निरोप आल्याशिवाय कढईत डिंक पडायचा नाही. कुणी आधी सांगून ठेवलं तर ती नुसती मान हलवायची. निरोप आला की बाईला ताप आहे का, दूध येतंय का, हे विचारायची आणि मगच तूप तापत ठेवायची.

मला ते मागासलेलं वाटलं. स्केल, प्री-बुकिंग, कस्टमर डिलाइट, काय काय तिला ऐकवलं. रिकामं बसलेलं माणूस फार शहाणं असतं. सातव्या महिन्यात फोनवर नोंदणी, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला डबा घरपोच, आणि डब्यावर गुलाबी चिठ्ठी: 'नव्या आईचं अभिनंदन!' आत्या दोनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, चलो, तुझंही काहीतरी सुरू होईल. माझ्यासाठी ती नियम मोडते आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

चार-पाच महिने बरे गेले. मग खमरियाच्या क्वार्टरमधून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीचं बाळ वेळेआधी झालं आणि दोन दिवसांत गेलं. आमचा डबा मात्र ठरल्या तारखेला पोचला होता, चिठ्ठीसकट.

आम्ही दोघी ऑटोने गेलो. बाई डबा घेऊन दारातच उभ्या होत्या. आवाज न चढवता आत्याला म्हणाल्या, "तुम्ही तर विचारून करत होत्या न जी. यावेळी काहून नाही विचारलं?"

मी तोंड उघडलं, तर आत्याने माझा हात दाबला. "चुकलं माझं," ती म्हणाली.

मी डबा परत घेतला. त्या दारातसुद्धा माझ्या डोक्यात 'रिटर्न' हाच शब्द आला, त्याची मला अजून लाज वाटते. आत्याने डबा माझ्या हातातून काढून घेतला, चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि तो पुन्हा बाईंच्या हातात ठेवला.

"रोज एक खाऊ घाला तिला," ती म्हणाली. "बाळंतीण तर ती आहेच."