शेजाऱ्यांचा भरलेला मोबाईल

मुलांनो, आमच्या शेजारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. प्रवासाला निघताना ते तिकिटापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळ्याचे फोटो काढतात आणि मूळ कागद घरीच ठेवतात. "वहिनी, कागद हरवतो. हे लई सेफ हाय," म्हणत खिशावर थाप मारतात.

परवा आम्ही राजूरजवळचा धबधबा पाहायला गेलो. तिथे त्यांच्या पत्नीला चक्कर आली. राजूरच्या डॉक्टरांनी विचारले, "बीपीची कोणती गोळी चालू आहे?" गृहस्थ मोबाईल चाळत राहिले. धबधब्यापुढे स्वतःचे फोटो काढायला मोबाईलमध्ये जागा हवी, म्हणून चिठ्ठीचा फोटो त्यांनी सकाळीच पुसला होता.

"रोज तुमच्यासमोर घेते की ओ गोळी," बाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "नाव तरी ठावं हाय का?"

डॉक्टरांनी तपासून नवी चिठ्ठी लिहिली. गृहस्थांनी लगेच तिच्यावर मोबाईल रोखला, पण त्यात जागा नव्हती. स्वतःचे पन्नासेक फोटो त्यांनी प्रेमाने न्याहाळले आणि शेवटी एकच पुसला. दिवसभरातला बायकोसोबतचा फोटो तो तेवढाच.

"यात माझं पोट दिसतंय," ते मला म्हणाले.

मी चिठ्ठी उचलली आणि बाईंच्या पिशवीत ठेवली.