नानांच्या व्हॅनचे पांढरे दिवे

"दिसस ना बठ्ठं?" असं म्हणून नाना स्टिअरिंगवर तळहात दोनदा आपटायचे. सगळं दिसतंय ना, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही एका सुरात "दिसतं, नाना" म्हणायचो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायचो.

नाना भडगाव-जळगाव रोजच्या माणसांची व्हॅन चालवायचे. व्हॅन जुनी. दार लावायचं तर आतून एकानं ओढायचं, बाहेरून एकानं लाथ घालायची. मी जळगावला एका ऑफिसात हिशेब बघतो. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेला पहिला माणूस मी, आणि हे सांगताना मला लाजबीज वाटत नाही. नानांना तर त्याचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक. पुढच्या सीटवर दुसरं कुणी बसलं की उठवायचे. "मांगे जाय. आठे आमना ग्रॅज्युएट बठी."

मागून शाळेतल्या मॅडम म्हणायच्या, "बसा भाऊ, मान मोठा आहे. धडक बसली तर पहिला नंबर तुमचाच."

त्या हिवाळ्यात नानांना दिव्यांचं वेड लागलं. परतताना पाचोऱ्याच्या अलीकडेच अंधार व्हायचा. "उजेडच पडत नही," म्हणून ते जळगावच्या वायरिंगवाल्या चाचांकडे जायचे. चाचांनी आधी जाड वायर टाकून दिली. मग मोठे बल्ब. मग पिवळ्या पडलेल्या काचा घासल्या. शेवटी पांढरे एलईडी बसवले. त्यानंतरही नाना गेले, तेव्हा चाचा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "नाना, अब इसके आगे सूरज ही बचा है. वो मेरी दुकान में नहीं मिलता."

आम्ही हसलो. नानाही हसले. चाचा मात्र बोनेट लावता लावता म्हणाले, "लाइट का डब्बा पुराना है, बल्ब नया. रोशनी सामनेवाले की आँख में घुसेगी. संभालना."

झालं तसंच. रस्ता लग्नाच्या मांडवासारखा उजळला, पण समोरच्याला वाटायचं आम्ही दिवे मुद्दाम वर ठेवलेत. तो आधी डिप्पर द्यायचा, मग चिडून स्वतःचे दिवे आमच्या तोंडावर फेकायचा. अशा वेळी नाना मान पुढं काढायचे, गाडी हळू करायचे आणि विचारायचे, "दिसस ना बठ्ठं?" एका ट्रकसमोर त्यांनी ते लागोपाठ तीनदा विचारलं. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही मोबाइल खिशात ठेवला असता. त्या दिवसापासून मी रस्ता कमी आणि नानांचा चेहरा जास्त बघू लागलो.

कापसाचे दिवस होते. गिरणेच्या पुलाच्या अलीकडे समोरून ट्रकचा झोत आला. ट्रक निघून गेला. आमच्या पांढऱ्या उजेडात पुढं बैलगाडी लख्ख दिसत होती. वर कापसाची गाठोडी, मागं बांधलेली कळशी. नानांचा पाय ब्रेककडे जाईना.

"नाना, बैलगाडी! नाना!"

व्हॅन कळशीला टेकायची तेवढी राहिली. गाडीवान काही तरी ओरडला. मॅडम देवाचं नाव घेत होत्या. नाना माझ्याकडं वळले.

"तुले दिसनी?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिसली."

"माले नही दिसनी."

मी आडपडदा ठेवत नाही. म्हणालो, "नाना, दिवे चांगले आहेत. डोळे दाखवा."

"समोरनी गाडी उनी का बठ्ठं धवळं व्हई जास," ते म्हणाले. समोरून गाडी आली की सगळं पांढरं होऊन जातं. "पण डोयाले सुई लावू देवाव नही. एक डोया गया, ते गाडी गई. मंग मी घरमा बठीसन काय करू?"

घरी तर जायचंच होतं. आमच्यात व्हॅन चालवता कुणालाच येत नव्हती. मग मी रस्ता सांगू लागलो. "खड्डा. उजवीकडं सायकल. आता पूल." मागून मॅडमही सांगू लागल्या. पुलावर फक्त माझं "सरळ, सरळ, सरळ."

उतरल्यावर मॅडम आणि मी नानांचा हात धरून बोललो. सोमवारी दवाखान्यात जाऊ, मी सोबत येतो. नाना "हा" म्हणाले.

सोमवारी नानांच्या दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, पोरीकडं पिंपळनेरला गेले. दुसरं कुणी म्हणालं, धुळ्याला डोळ्याचं ऑपरेशन करायला गेले. फोन लागत नव्हता. आणि अंगणात व्हॅन नव्हती.

आता मी एसटीनं येतो. परवा गिरणेच्या पुलाजवळ समोरून दोन पांढरे दिवे आले. खाली होईनात. आमचा ड्रायव्हर खवळला, "आंधळा शे का रे!" आणि त्यानं बसचे दिवे वर टाकले.

"डिप्पर द्या भाऊ!" मी उठून ओरडलो. "खाली घ्या दिवे, गाडी कडेला घ्या!"

सगळी बस माझ्याकडं बघत होती. ड्रायव्हरनं दिवे खाली घेतले. ती गाडी खिडकीला घासल्यासारखी गेली. व्हॅन होती. आत कोण, ते दिसलं नाही. मी मागच्या काचेकडं धावलो. पुलावर ती मधोमध चालली होती, अगदी हळू, आणि तिच्यासमोरून ट्रक येत होता.