गूळ, नाडा आणि टाकी नंबर दोन

कारखान्यातले किस्से सांगायला कुणी मुद्दाम बसत नाही. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतं, "तुमच्या तिथं म्हणे विष बनवतात?" आणि सुरुवात होते. एक सांगितला की दुसरा आपोआप निघतो. मी सांगते, लोक हसतात, मीही हसायचे. अलीकडे शेवटच्या किश्शाच्या आधी मी पाणी प्यायला उठते. आज उठणार नाही.

मी अमरावतीची. बीएस्सी केमिस्ट्री, वर सुरक्षिततेचा डिप्लोमा. अकोल्याच्या एमआयडीसीत एका कीटकनाशकाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्याकडे दोन मोठ्या टाक्यांत औषध ढवळतात. माल बदलला की टाकी आतून धुवावी लागते आणि त्यासाठी माणूस आत उतरतो. जड वाफ तळाशी बसून राहते, डोळ्यांना दिसत नाही. माणूस खाली पोचतो, जरा टेकतो आणि उठतच नाही. उतरायचं काम गजाननभाऊंचं, कारण झाकणातून सहज आत जाईल असा सडपातळ माणूस तोच एक. माझ्या नोकरीचा अर्थ एवढाच की गजाननभाऊ जसे उतरले तसे वर आले पाहिजेत. बाकी सगळ्या फायली.

सुपरवायझर देशमुख काका तिथं तीस वर्षांपासून. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पोरी, तू जन्मली नव्हती तवापासून आमी हे औषध ढवळून राहिलो."

मी म्हटलं, "काका, म्हणूनच मला पाठवलंय."

हे उत्तर मला तेव्हा फार भारी वाटलं होतं.

*

फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार असले की कपाट उघडायचं. हेल्मेट, चष्मे, हातमोजे, सगळं नवंकोरं. काकांची एकच सूचना असायची, चष्म्यावरचं प्लास्टिक काढू नका, संध्याकाळी परत ठेवा लागते.

एकदा साहेब गजाननभाऊंसमोर थांबले. चष्मा डोळ्यांवर, प्लास्टिक चष्म्यावर, त्यामुळे भाऊंना समोरचं काही दिसत नव्हतं. साहेबांनी विचारलं, हा चष्मा तुम्ही कधी कधी लावता?

भाऊ कधी खोटं बोलत नसत. म्हणाले, "तुमी येता तवा, साहेब."

साहेब हसले, काका हसले. मीही हसले आणि वहीत "साधने उपलब्ध" असं लिहिलं.

*

पावडर भरायच्या खात्यात मास्क मागून मागून मी थकले. शेवटी काकांना म्हटलं, सुरक्षा साधनांची यादी तुम्हीच करा, मी मालकांकडून मंजूर करून आणते. त्यांनी मन लावून यादी केली. पहिल्याच ओळीत होतं, "गूळ, उत्तम प्रतीचा."

आमच्याकडे पाळी सुटली की प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. गूळ खाल्ला की छातीतली पावडर उतरते, असा पक्का समज. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर काकांवर आवाज चढवला. फुफ्फुस कुठं, पोट कुठं, हे शाळेतल्या पोराला कळतं, असंही म्हटलं.

काका शांतपणे म्हणाले, "तीस वर्षं गूळ खाऊन राहिलो. काई झालं का मले?"

एवढं बोलून त्यांना खोकला आला. तो इतका वेळ चालला की दोघांनी धरून त्यांना पोत्यावर बसवलं. पावडर भरणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी पण हसले, आणि वाद जिंकल्यासारखी हसले.

*

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. मी सॉल्व्हंटच्या शेडमध्ये गेले तर "धूम्रपान सक्त मनाई"च्या पाटीखाली दोन उदबत्त्या जळत होत्या. मी त्या उपटून पाण्याच्या बादलीत खुपसल्या. महिनाभर बायका माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

खरी गंमत पुढच्या मॉक ड्रिलला झाली. भोंगा वाजला, गजाननभाऊ धावत आग विझवायच्या सिलिंडरकडे गेले आणि तिथंच झटापट करत राहिले. पूजेत कुणीतरी सिलिंडरला हळदकुंकू वाहून, त्याच्या पिनेला लाल नाडा सात गाठी मारून बांधला होता. पीन निघेना.

काका मागून म्हणाले, "आता गुरुजी बोलवा लागतीन."

ड्रिलच्या अहवालात मी नाड्याबद्दल काही लिहिलं नाही. लाज वाटली, आणि लाज कारखान्याची नव्हती, आमच्या गावांची होती. पुण्याच्या हेड ऑफिसला हसायला विषय कशाला द्यायचा?

*

मे महिना. पत्र्याखाली उभं राहिलं तर टाळू भाजते. टाकी धुताना घालायचा रबरी सूट आला आणि मी गजाननभाऊंना तासभर व्याख्यान दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी एकदा घालून पाहा ना."

घातला. आठ मिनिटं टिकले. नंतर नळाखाली डोकं धरून बसले होते.

सूटच्या कागदावर मी "चाचणी समाधानकारक" असा शेरा मारला. तो सूट आज कपाटात आहे.

*

एक गोष्ट मात्र मी भांडून मिळवली. मी टाकीत वायू मोजायचं मीटर खाली सोडून आतली हवा तपासल्याशिवाय आणि परवान्यावर सही केल्याशिवाय कुणी आत उतरायचं नाही. काका म्हणाले, "आता उतरालेबी पासपोर्ट लागते का?" पण नियम झाला. सगळ्यांत जास्त तो गजाननभाऊंनी पाळला. सही केलेला कागद खिशात ठेवल्याशिवाय ते शिडीला हात लावत नसत.

जूनमध्ये सीझनची घाई होती. शनिवारी टाकी नंबर दोन धुवायची होती आणि त्याच शनिवारी नांदगाव खंडेश्वरला माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा. शुक्रवारी निघताना मी परवाना भरला. हवेच्या रकान्यात मागच्या वेळचेच आकडे टाकले, खाली सही केली आणि कागद गजाननभाऊंच्या हातात दिला.

मी जेवत असताना फोन आला. भाऊ तळाशी पोचले, टेकले, आणि उठले नाहीत. कंबरेला दोर होता. काका त्यांच्यामागे आत उडी मारायला निघालेल्या दोघांना शिव्या देऊन थांबवत होते आणि स्वतः दोर ओढत होते. वर काढलं तेव्हा श्वास चालू होता.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. भाऊंची बायको मोसंबी सोलत होती. तिनं मला स्टूल दिलं. भाऊंचा आवाज बसला होता. त्यांनी उशीखालून घडी घातलेला कागद काढला.

"घ्या मॅडम. कोनाले दाखवला नाई. मालकाले सांगतलं का मी न इचारताच उतरलो."

मी म्हटलं, असं का केलं भाऊ?

"मले नोटीस देतीन, दुसरं काय करतीन? तुमी राह्यल्या पाहिजे. तुमच्याबिगर आमच्या मांगं कोन लागते?"

मी कागद घेतला आणि पर्समध्ये टाकला.

अपघाताचा अहवाल लिहायचं काम सेफ्टी ऑफिसरचं. मी दोन दिवस तो पुढे ढकलला. मग "अपघाताचे कारण" या रकान्यात लिहिलं, "कामगाराने परवानगी न घेता टाकीत प्रवेश केला." सुपरवायझरची सही लागते म्हणून काकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. शनिवारी तो परवाना बघूनच त्यांनी भाऊंना उतरू दिलं होतं.

काकांनी अहवाल सावकाश वाचला. चष्मा काढून शर्टाला पुसला, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"अक्षर मोठं सुंदर आहे पोरी तुयं."